उमेदवारी आणि अभ्यासविषय : गायन उत्तेजक मंडळीतील भातखंडे

१

प्रयोगकलांचा अभ्यास करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास आज अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एखाद्या नाट्यसंस्थेत, गायनशाळेत अथवा कलापथकात काही काळ उमेदवारी करावी लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणास चार श्रेयांक ठेवण्यात आले आहेत. एका श्रेयांकास तीस तास ह्या हिशेबाने ही उमेदवारी १२० तासांची होते. त्यापाठोपाठ विद्यार्थ्याने एक संशोधनप्रकल्पही पुरा करावयाचा असतो. ही दोन कामे परस्परांशी जोडावयाची कशी, हा प्रश्न अध्यापक व विद्यार्थी ह्या दोघांपुढेही उभा राहतो.

त्याचे उत्तर बहुधा दोन प्रकारांनी चुकते. कधी विषय ग्रंथालयात बसून आधीच ठरविला जातो. तो विस्तीर्ण असतो, भारदस्त असतो, आणि उमेदवारीशी त्याचा संबंध केवळ हजेरीपुरता उरतो. कधी याच्या उलट घडते. विद्यार्थी संस्थेच्या कामात पुरता बुडून जातो. पडदे ओढतो, तंबोरे जुळवितो, तिकिटे फाडतो, आणि शेवटी त्याच्या हाती अनुभव पुष्कळ परंतु प्रश्न एकही नाही, अशी स्थिती होते. ह्या दोन्ही चुका टाळून विषयाची निवड कशी करता येते, हे समजण्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे एक उदाहरण उपयोगी पडते. ते पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे होय. भातखंडे यांच्या संगीतशास्त्रविषयक कार्याचे विवेचन आजवर पुष्कळ झाले आहे; एका कलासंस्थेतील उमेदवार ह्या नात्याने त्यांच्याकडे पाहण्याचा प्रयत्न मात्र त्या मानाने थोडा झाला आहे.

२

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईस वाळकेश्वर येथे झाला. विद्यार्थीदशेतच त्यांनी वल्लभदास दामुलजी यांजकडे सतारीचे शिक्षण घेतले. १८८४ मध्ये ते ‘गायन उत्तेजक मंडळी’चे सभासद झाले. पुढील वर्षी, म्हणजे १८८५ मध्ये, ते बी. ए. झाले व १८८७ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी संपादन केली. मंडळीतील त्यांच्या शिक्षणाचा आरंभ असा महाविद्यालयीन अभ्यासाच्या ऐन भरात झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. संगीत हा त्यांचा व्यवसाय नव्हता व तो व्हावा अशी अपेक्षाही कोणी केली नसती. पदवीनंतर त्यांनी काही काळ कराचीस व त्यानंतर मुंबईस वकिली केली.

गायन उत्तेजक मंडळी ही मुंबईतील पारशी गृहस्थांनी १८७० मध्ये काढलेली संस्था. कैखुश्रू काबराजी हे तिच्या स्थापनेतील प्रमुख. सुशिक्षित, मध्यमवर्गीय लोकांना कुलीन वातावरणात गायन शिकता व ऐकता यावे, हा तिचा उद्देश होता. त्या काळी गाणे शिकू इच्छिणाऱ्या पांढरपेशा तरुणास उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षे राहून सेवा करणे हाच काय तो मार्ग होता, आणि प्रतिष्ठित कुटुंबांना तो मान्य होण्याजोगा नव्हता. मंडळीने पगारी उस्ताद आणून ह्या अडचणीतून वाट काढली. तेथे भातखंडे यांना रावजीबुवा बेलबागकर यांजकडून धृपदे व अली हुसेन खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांजकडून ख्याल मिळाले. ह्या काळात त्यांनी सुमारे ३०० धृपदे व १५० ख्याल संपादन केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

ह्या संस्थेने भातखंडे यांना काय दिले याचा विचार करू लागल्यास प्रथम तिच्या मर्यादाच डोळ्यांपुढे येतात. शिकणारा दिवसा दुसरा अभ्यास किंवा धंदा करणारा. उस्ताद संस्थेचे नोकर, शागिर्दाशी त्यांचे नाते घराण्यातल्यासारखे नव्हे. आणि अशा शिक्षणातून मैफलीचा गवई तयार होणे जवळजवळ अशक्य. परंतु घराण्यात राहून शिकणाऱ्यास सहसा न मिळणारी एक गोष्ट येथे सहज उपलब्ध होती. एकाच छपराखाली एकाहून अधिक परंपरांचे गवई शिकवीत होते. धृपदियाचा राग व ख्यालियाचा राग एकाच शिष्याला ऐकता येत होता. घराण्यातील शागिर्दाला दुसऱ्या घराण्याचे गाणे ऐकण्याचीही कित्येकदा मनाई असे. मंडळीच्या सभासदाला तशी आडकाठी नव्हती. संग्रह आणि तुलना ह्या दोन कामांना ही जागा अनुकूल होती, आणि भातखंडे यांच्या पुढील कार्याचा पाया नेमका ह्याच दोन कामांवर उभारलेला दिसतो.

३

त्या काळात सुशिक्षित तरुणाने संगीताचा अभ्यास करावयाचा तर त्यापुढे एक आयता विषय होता. भरताचे ‘नाट्यशास्त्र’ आणि शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ ह्या प्राचीन ग्रंथांतून आजच्या रागांचा उगम शोधून काढणे, हा तो विषय. त्याला विद्वत्तेची प्रतिष्ठा होती, राष्ट्राभिमानाची जोड होती, आणि तो ग्रंथालयात बसून करता येण्यासारखा होता. भातखंडे यांनी हे ग्रंथ वाचले, त्यांचे मर्म जाणणाऱ्यांचा शोध घेतला, आणि अखेरीस प्रचलित हिंदुस्थानी संगीताचा उलगडा त्या ग्रंथांवरून होत नाही असा निर्णय दिला. १९१६ मध्ये बडोदे येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत उत्तर हिंदुस्थानच्या संगीताच्या इतिहासाचे समालोचन करताना त्यांनी ही भूमिका स्पष्टपणे मांडली.

त्यांनी निवडलेला प्रश्न ह्याहून पुष्कळच लहान होता. हा राग आज कसा गातात? त्यात कोणते स्वर लागतात, कोणते वर्ज्य होतात, आरोह व अवरोह कसे आहेत, कोणत्या स्वरावर मुक्काम होतो, आणि ह्या बाबतींत निरनिराळे गवई कोठे एकमत आहेत व कोठे भिन्नमत? शास्त्रकारांच्या परिभाषेत ‘लक्षण’ म्हणजे ग्रंथोक्त व्याख्या व ‘लक्ष्य’ म्हणजे प्रत्यक्ष प्रचार. भातखंडे यांनी लक्ष्य प्रमाण मानले. त्यांच्या संस्कृत ग्रंथाचे ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हे नावच ह्या भूमिकेचे निदर्शक आहे.

हा प्रश्न लहान होता याचा अर्थ तो क्षुल्लक होता असे नव्हे. त्याचे उत्तर ज्या पुराव्याने द्यावयाचे, तो पुरावा उमेदवाराच्या हाताशी होता, एवढाच त्याचा अर्थ. मंडळीत शिकलेली प्रत्येक चीज हा एक साक्षीदार होता. दहा चिजा मिळाल्या तर दहा चिजांपुरते उत्तर देता येत होते. शंभर मिळाल्यावर ते अधिक पक्के होत होते. काम कोणत्याही टप्प्यावर थांबले असते तरी तोवर झालेला भाग वाया जाणार नव्हता. रागांचा प्राचीन उगम शोधण्याच्या कामाची स्थिती याच्या उलट होती. मधला एक दुवा सापडला नाही तर सगळा डोलारा कोसळावयाचा.

कामाचा क्रमही पाहण्याजोगा आहे. मंडळीत प्रवेश १८८४ मधील. दक्षिण हिंदुस्थानचा दौरा १९०४ मधील. मधली वीस वर्षे शिकणे, लिहून ठेवणे व पडताळणे यांत गेली. दक्षिणेत सतराव्या शतकातील वेंकटमखीच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ ह्या ग्रंथातील ७२ मेलांच्या पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला. १९०७ व १९०८ मध्ये त्यांनी नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, अलाहाबाद, बनारस, आग्रा, दिल्ली इत्यादी ठिकाणी प्रवास केला. ह्या दौऱ्यांवर ते प्रश्नांची यादी बरोबर घेऊन निघत व भेटींची रोजनिशी ठेवीत. त्या प्रश्नांना धार होती, कारण ते ऐकलेल्या व गायलेल्या चिजांतून निघाले होते. मंडळीतील उमेदवारी नसती, तर ह्या प्रवासात विचारावयास काही उरले नसते.

ह्या परिश्रमांचे फळ सर्वविश्रुत आहे. प्रचलित रागांची वर्गवारी त्यांनी बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी ह्या दहा थाटांत केली. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा मराठी ग्रंथ १९१० पासून चार भागांत निघाला. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत सुमारे १८०० बंदिशी स्वरलिपीसह छापल्या गेल्या, त्यांतील शेवटचे भाग १९३६ मधील त्यांच्या निधनानंतर बाहेर पडले. दहा थाटांच्या वर्गवारीवर आक्षेप घेण्यास जागा आहेच. भूपाली व देशकार ह्या दोन रागांचे स्वर तेच असता पहिला कल्याण थाटात व दुसरा बिलावल थाटात घालावा लागतो, कारण त्यांचा भेद स्वरांत नसून चलनात आहे. हा भेद थाट सांगू शकत नाही. परंतु हा आक्षेप आज घेता येतो तो भातखंडे यांनीच छापून ठेवलेल्या बंदिशींच्या आधारे, हेही विसरता येत नाही. सिद्धांत डळमळीत झाला तरी पुरावा शिल्लक राहिला.

४

ह्याच काळातील दुसरे एक उदाहरण यासमोर ठेवून पाहिल्यास विषयनिवडीचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. मुलकी सेवेतील इंग्रज अधिकारी ई. क्लेमंट्स यांच्या सहकार्याने त्यांनी २२ श्रुतींचे संशोधन हाती घेतले. देवलांना लाभलेला सहकारी कलावंत साधासुधा नव्हता. किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी त्यांच्या प्रयोगांसाठी गायन केले. देवलांचा श्रुतीविषयक ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला व त्यापाठोपाठ श्रुतींचे स्वर देणारी हार्मोनियमही तयार करण्यात आली.

देवलांची चिकाटी व गणिती बुद्धी वादातीत आहे. परंतु त्यांच्या प्रश्नाचे उत्तर प्रश्नाच्या आधीच ठरलेले होते. श्रुती २२ आहेत हे ग्रंथाने सांगितले होते. गवयाच्या कंठातून त्या २२ जागा निघतात एवढेच दाखवावयाचे उरले होते. बडोद्याच्या १९१६ च्या परिषदेत ह्या विषयावर तीव्र वाद झाला, आणि श्रुती-हार्मोनियमचा दावा तेथे टिकला नाही. पुढे १९६३ मध्ये नझीर जयराजभॉय व ए. डब्ल्यू. स्टोन यांनी यंत्राच्या साहाय्याने केलेल्या मोजणीत असे आढळले की, निरनिराळ्या कलावंतांत तर फरक पडतोच, पण एकाच कलावंताच्या एकाच स्वराचे स्थानही स्थिर राहत नाही. बावीस ठाम जागांची कल्पना अशा रीतीने प्रयोगाच्या कसोटीस उतरली नाही.

ह्या प्रकरणातील हळहळ वाटण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. देवलांजवळ अब्दुल करीम खाँ होते. अमुक एका रागात खाँसाहेबांचा गांधार कोठे लागतो, दुसऱ्या रागात तो किती चढतो वा उतरतो, विलंबित व द्रुत लयीत त्यात काय फरक पडतो, हे मोजून लिहून ठेवणे हा त्या जागेवरून सहज करता येण्याजोगा अभ्यास होता. तेवढाच तो झाला असता, तर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका थोर गायकाच्या स्वरोच्चाराची ती नोंद आज अमूल्य ठरली असती. हाताशी असलेला विषय सोडून दूरचा विषय धरल्याने काय हरपते, याचे हे ठळक उदाहरण होय.

५

तथापि भातखंडे यांचा मार्ग निर्दोष होता असे मानणे युक्त होणार नाही. खानदानी गवयाच्या दृष्टीने बंदिश ही त्याची इस्टेट होती. ती मुलास द्यावयाची, जावयास आंदण द्यावयाची, परक्यास द्यावयाची नव्हे. दुर्मीळ चिजांवर त्याचे नाव व त्याची उपजीविका अवलंबून असे. अशा चिजा लिहून घेऊन छापणे म्हणजे विद्येचे दार सर्वांस मोकळे करणे होते. त्याचबरोबर ज्यांनी ती विद्या पिढ्यान्‌पिढ्या जतन केली त्यांच्या हातची किल्ली काढून घेणेही होते. काही उस्तादांनी मोठ्या मनाने दिले, काहींनी नकार दिला, आणि ह्या दोन्ही वर्तनांमागील कारणे समजून घेणे हे इतिहासकाराचे कर्तव्य आहे. जानकी बखले यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भातखंडे यांच्या मुसलमान उस्तादांविषयीच्या दृष्टिकोनाची जी कठोर चिकित्सा केली आहे, तीही ह्या संदर्भात विचारात घ्यावी लागते.

दुसरा दोष पद्धतीचा आहे. ‘क्रमिक पुस्तकमालिके’त बंदिशीबरोबर राग, ताल व स्वरलिपी मिळते, परंतु ती बंदिश कोणत्या गवयाकडून, कोठे व केव्हा मिळाली, याची नोंद बंदिशीबरोबर नाही. क्रमिक पाठ्यपुस्तकाच्या हेतूस ही उणीव बाधक नव्हती. परंतु एखाद्या बंदिशीचे दोन पाठ समोर आले असता त्यांपैकी कोणता कोणत्या परंपरेचा, हे ठरविण्याचे साधन त्यामुळे आजच्या अभ्यासकापाशी राहिले नाही. गवयाचे नाव गळाले म्हणजे कृतज्ञतेचा प्रश्न उभा राहतोच, पण पुराव्याची किंमतही कमी होते. ह्या एका बाबतीत आजचा सामान्य विद्यार्थी सावध राहिल्यास त्या थोर संग्राहकापेक्षा सरस काम करू शकेल.

६

भातखंडे यांना वीस वर्षे मिळाली. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर बडोदे येथे फैयाझ खाँ यांजकडे शिकले तेही काही वर्षे. आजच्या विद्यार्थ्यास १२० तास मिळतात. हा फरक लहान नाही, आणि म्हणूनच प्रश्नाचा आकार वेळेच्या मापाने बेतणे अगत्याचे ठरते. ‘मराठी संगीत नाटकाचा विकास’ हा विषय १२० तासांत होणार नाही. ‘संगीत नाटक आणि समाज’ हा तर एका आयुष्यातही पुरा होईल की नाही याची शंका आहे. परंतु जुन्या संगीत नाटकाचा प्रयोग करणाऱ्या एखाद्या मंडळीत विद्यार्थ्यास उमेदवारी मिळाली, तर तेथेच एक विषय त्याची वाट पाहत असतो.

उदाहरणादाखल अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे १८८२ मध्ये रंगभूमीवर आलेले ‘संगीत सौभद्र’ घ्यावे. मूळ नाटकात शंभराहून अधिक पदे आहेत. एका पदास सरासरी तीनच मिनिटे धरली तरी नुसत्या पदांस पाच तास लागतील. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगाच्या काळात ते चालण्याजोगे होते. आजच्या प्रयोगास तेवढा अवधी नाही. म्हणजे आजचा प्रत्येक प्रयोग हा काटछाटीचा प्रयोग आहे. मग कोणती पदे राहतात? कोणती गळतात? कथानकाच्या गरजेने, नटाच्या गळ्याच्या मर्यादेने, की प्रेक्षकांच्या फर्माइशीने? गळलेल्या पदातील आशय गद्यात येतो की नाहीसाच होतो? आणि हा निर्णय घेतो कोण : दिग्दर्शक, ऑर्गनवादक, की मुख्य भूमिकेतील गायक नट?

ह्या प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयात नाहीत. ती मंडळीच्या रंगावृत्तीत, नटांच्या नकलांवरील पेन्सिलीच्या खुणांत, आणि तालमीत होणाऱ्या वादांत आहेत. ती मिळविण्यास १२० तास पुरतात. तीन तासांची एक याप्रमाणे आठ तालमींचे २४ तास. आधीची तयारी व नंतरची आवराआवर धरून पाच तासांचा एक याप्रमाणे चार प्रयोगांचे २० तास. छापील संहिता व रंगावृत्ती यांचा पदागणिक ताळा पाहण्यास ३० तास. नट, साथीदार व प्रॉम्प्टर यांच्याशी बोलण्यास १६ तास. आणि लेखनास ३० तास. अशा हिशेबात विद्यार्थ्याची उमेदवारी व त्याचा अभ्यास ही दोन निरनिराळी ओझी राहत नाहीत. तालमीत पेटी उचलून ठेवणारा हातच नोंदवहीत कोणते पद किती मिनिटे चालले ते लिहितो.

अशा प्रकल्पाचा शेवट मोठ्या सिद्धांतात होणार नाही, व तो तसा व्हावा अशी अपेक्षा मार्गदर्शकानेही ठेवू नये. एका मंडळीने एका वर्षी एका नाटकातील कोणती पदे गायली व का, एवढेच त्यातून निष्पन्न होईल. परंतु ते साधार असेल. माहिती देणाऱ्याचे नाव, त्याची संमती व बोलण्याची तारीख प्रत्येक नोंदीसमोर असेल. मंडळीच्या लोकांनाही ती यादी उपयोगी पडेल, कारण पुढील नटसंच उभा करताना मागील संचाने काय केले हे बहुधा कोणाच्या तरी स्मरणातच असते, व तो मनुष्य गेला की तेही जाते. दहा विद्यार्थ्यांनी दहा मंडळ्यांत हेच काम केले, तर एका नाटकाच्या रंगावृत्तींची तुलना करण्याइतकी सामग्री विभागाच्या कपाटात जमा होईल, आणि मग अकराव्या विद्यार्थ्यास त्याहून मोठा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्राप्त होईल.

‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ भातखंडे यांनी गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिला आहे. त्यातील शिष्य वारंवार शंका काढतो. गुरूचे उत्तर अपुरे वाटल्यास पुन्हा विचारतो. पन्नाशीत हा ग्रंथ लिहावयास घेताना महाविद्यालयीन अभ्यास करीत मंडळीत जाणाऱ्या त्या चोवीस वर्षांच्या सभासदाचे स्मरण ग्रंथकारास होत असावे, असे मानण्यास जागा आहे. त्या सभासदाने चीज शिकून घेतली, ती लिहून ठेवली, आणि दुसऱ्या गवयाने तोच राग वेगळा गायला तेव्हा तो वेगळा का, असे विचारले. उमेदवारीतून अभ्यासविषय निघतो तो असा.